वाचकांचे प्रश्न : थुंकीची डबी, रक्ताची नळी आणि नवी यंत्रे

गेल्या काही वर्षांत शहरांतील व तालुक्यांतील प्रयोगशाळांमध्ये नवी यंत्रे आणि नव्या पद्धती आल्या आहेत. त्यांविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांतून पाच निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. उत्तरे देणारी मी पॅथॉलॉजिस्ट असून माझे सारे उमेदीचे आयुष्य प्रयोगशाळेत गेले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना महिनाभर खोकला आणि संध्याकाळचा ताप होता. गावच्या दवाखान्यात थुंकी तपासली, तेव्हा जंतू दिसले नाहीत. आठ दिवसांनी तालुक्याच्या रुग्णालयात ‘ट्रूनॅट’ यंत्रावर तपासणी झाली, तर क्षयरोग निघाला आणि एका मुख्य औषधाला जंतू दाद देणार नाहीत असेही सांगण्यात आले. माणूस एकच, खोकला एकच, आणि उत्तरे दोन. विश्वास कशावर ठेवायचा? (एक वाचक, फलटण)

उत्तर : दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे असू शकतात, मात्र उपचार ठरवताना दुसऱ्या अहवालावर विसंबावे. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ निदानाची मुख्य रीत एकच राहिली : काचपट्टीवर थुंकी पसरायची, तिला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल काड्या शोधायच्या. ही रीत स्वस्त आहे, आणि ज्याच्या थुंकीत जंतू पुष्कळ आहेत असा रुग्ण तिच्यातून सहसा सुटत नाही. अडचण अशी, की एका मिलिलिटर थुंकीत साधारण 5,000 ते 10,000 जंतू असल्याखेरीज ते काचपट्टीवर सापडण्याची शाश्वती नसते. त्याहून कमी जंतू असलेला रुग्ण खोकत राहतो, घरच्यांना संसर्ग देत राहतो आणि हातात ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद असल्यामुळे निर्धास्तही राहतो. जंतूंचे कल्चर करणे, म्हणजे ते प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. पण क्षयाचा जंतू फारच सावकाश वाढतो, आणि घन माध्यमावर त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळात चुकीची औषधे चालू राहिली, तर रुग्णाचे किती नुकसान होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

नव्या चाचण्या जंतू शोधण्याऐवजी त्याच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधतात आणि त्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याजोगा करतात. त्यामुळे मिलिलिटरमागे शे-दोनशे जंतू असले, तरी ते हाती लागतात. अशा ‘जीनएक्सपर्ट’ चाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2010 मध्ये केली. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत तिला ‘सीबीनॅट’ म्हणतात. यंत्र उत्तम, पण त्याला भरवशाची वीज हवी आणि खोली थंड हवी. तालुक्याच्या ठिकाणी नेमके हेच दोन्ही नसते. आपल्या वडिलांची तपासणी झालेले ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील मोलबायो डायग्नॉस्टिक्स या कंपनीचे आहे. ते बॅटरीवर चालते आणि एका साध्या टेबलावर मावते. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली. जंतू आहे की नाही हे साधारण तासाभरात कळते, आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला तो दाद देईल का, हे आणखी तासाभरात. जंतूच्या ‘आरपीओबी’ नावाच्या जनुकातील डीएनएच्या अवघ्या 81 अक्षरांच्या पट्ट्यात या औषधाविरुद्धचे बहुतेक सारे बदल घडतात, म्हणून तेवढाच पट्टा वाचला तरी काम भागते. मला या संशोधनाचे मोल वाटते ते एवढ्यासाठी, की आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात काय नसते, हे त्यात आधी लक्षात घेतले गेले.

वडिलांनी यापूर्वी कधी क्षयाचे उपचार घेतले नसतील, तर डॉक्टर बहुधा दुसरा नमुना घेऊन औषधरोधाची पुन्हा खात्री करतील आणि इतर औषधांविषयीच्या चाचण्यांसाठीही नमुना पुढे पाठवतील. ही चालढकल नव्हे, ती आवश्यक आहे. औषधरोध पक्का झाला, तरी हाय खाऊ नये. पूर्वी अशा रुग्णाला दीड-दोन वर्षे औषधे आणि कानांवर दुष्परिणाम करणारी इंजेक्शने घ्यावी लागत. आता बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा उपचारक्रम असून केंद्र सरकारने त्याला 2024 मध्ये मान्यता दिली आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट नमुन्याची. आमच्याकडे येणाऱ्या डब्यांपैकी कितीतरी डब्यांत नुसती लाळ असते, पाण्यासारखी पातळ आणि वर फेस आलेली. अशा डबीतून कोणतेही यंत्र काय काढणार? सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, घराबाहेर मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर जावे, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून आलेला घट्ट, पिवळसर बेडका डबीत टाकावा. प्रयोगशाळेत डबी देताना हे सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट फार थोड्या ठिकाणी दिले जाते. दुसरी गोष्ट अशी, की उपचार सुरू झाल्यावर गुण येतो आहे का, हे पाहण्यासाठी जनुकीय चाचणी वापरत नाहीत, कारण मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा तिला दिसतो. त्या वेळी जुना सूक्ष्मदर्शक आणि कल्चर यांचेच काम असते. तेव्हा पुढील तपासणीत वडिलांची थुंकी पुन्हा काचपट्टीवर पाहिली गेली, तर आपल्याला कमी दर्जाची तपासणी दिली असे कृपया समजू नका.

प्रश्न : आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबच्या अहवालात पोटॅशियम 6.3 आले. घाबरून आम्ही रात्री तिला रुग्णालयात नेले, तिथे ते 4.4 निघाले. लॅबची यंत्रे इतकी बेभरवशाची असतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : यंत्र बहुधा बरोबरच होते. नळीतल्या रक्तात 6.3 असेल, आईच्या शरीरात नसेल. रक्तद्रवात पोटॅशियम साधारण 3.5 ते 5.0 असते, तर पेशींच्या आत ते 140 च्या आसपास असते. म्हणजे थोड्या तांबड्या पेशी जरी फुटल्या, तरी आतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा चढतो. पेशी फुटतात ते रक्त घेताना आणि नेताना. शीर सापडत नाही म्हणून दंडाला पट्टी बराच वेळ आवळून ठेवली जाते आणि रुग्णाला मूठ उघडमीट करायला सांगितले जाते, ज्याने पोटॅशियम वाढतेच. मग बारीक सुईने सिरिंजमध्ये जोर लावून रक्त ओढतात आणि त्याच सुईतून ते नळीत दाबून सोडतात. पुढे ती नळी दुचाकीच्या डिकीत, उन्हातून, आणखी दहा घरे फिरते. प्रयोगशाळेत ती फिरवून पेशी खाली बसवल्यावर वरचा थर फिक्या पिवळ्या रंगाचा दिसायला हवा, तो गुलाबी दिसतो. काही वेळा जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त दुसऱ्या नळीत ओतून भर घालतात. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असते, ते पोटॅशियमचाच क्षार असते. त्यामुळे अहवालात पोटॅशियम भरमसाट चढते आणि कॅल्शियम एकदम घसरते.

साखरेचे याच्या उलट होते. पेशी वेगळ्या न करता रक्त तसेच ठेवले, तर पेशी साखर खात राहतात आणि ती तासाला सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. आईच्या साखरेचा त्या दिवशीचा आकडा कमी आला असेल, तर त्यावरही विसंबू नका.

या बाबतीत गेल्या काही वर्षांत झालेली सुधारणा मला फार मोलाची वाटते, जरी तिची जाहिरात कोणी करत नाही. पूर्वी नळीतला रंग तंत्रज्ञाच्या डोळ्यांनी पाहिला जाई. गर्दीच्या सकाळी शेकडो नळ्यांत एखादी गुलाबी नळी नजरेतून सुटे. आता चांगली यंत्रे प्रत्येक नमुन्याचा रंग स्वतः मोजतात, पेशी फुटल्याचा निर्देशांक देतात आणि तो मर्यादेबाहेर गेला, तर पोटॅशियमचा आकडा अडवून धरतात. त्याच रुग्णाचा मागचा आकडा संगणकात असेल, तर आजचा त्याच्याशी ताडून पाहिला जातो आणि अवचित उडी दिसली की नमुना पुन्हा मागवला जातो. ही सोय असूनही ती बंद ठेवलेली मी पाहिली आहे, कारण नमुना पुन्हा मागवला की ग्राहक नाराज होतो. आईच्या लॅबला आपण दोन प्रश्न जरूर विचारा : नमुन्यातल्या पेशी फुटल्या होत्या का, आणि रक्त घेतल्यापासून त्यातल्या पेशी वेगळ्या करेपर्यंत किती वेळ गेला? चांगली लॅब उत्तर देते.

खरोखर वाढलेल्या पोटॅशियमबद्दलही लिहायला हवे, कारण तिथे विलंब जीवावर बेततो. मी शिकत होते त्या रुग्णालयात मूत्रपिंडाच्या एका रुग्णाचे पोटॅशियम 7.1 आले. अहवाल नेहमीप्रमाणे लाकडी ट्रेमध्ये ठेवला गेला आणि वॉर्डातला माणूस संध्याकाळी येईपर्यंत तिथेच पडून राहिला. तोवर रुग्ण गेला होता. तपासणी अचूक होती, अहवाल वेळेत तयार होता, फक्त कोणी वॉर्डाला फोन करून कळवले नाही. जीवघेण्या आकड्यांची यादी करावी आणि तसा आकडा दिसताच डॉक्टरांना तत्काळ कळवावा, ही कल्पना अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लंडबर्ग यांनी 1972 मध्ये मांडली होती. आज आमच्याकडे फोन घेणाऱ्याकडून रुग्णाचे नाव आणि आकडा परत वदवून घेतला जातो आणि वेळ नोंदवली जाते. आपल्याला रात्री धावपळ करावी लागली, याचे मला वाईट वाटते. पण आकडा खरा असता, तर तीच धावपळ उपयोगी पडली असती, म्हणून आपण केलेत ते योग्यच केलेत.

प्रश्न : आमच्या पाड्यावर शिबिर झाले. पुतणीची सिकलसेल तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली आणि पुढच्या तपासणीला पाठवा असे सांगितले. ती खेळती-बागडती आहे. घरात म्हातारी माणसे म्हणतात, मुलीच्या नावावर कशाला डाग लावून घ्यायचा, पुढे लग्न जमणार नाही. पुढची तपासणी खरेच गरजेची आहे का? (एक वाचक, धडगाव, जि. नंदुरबार)

उत्तर : अत्यंत गरजेची आहे, आणि आपण विचारलेत हे फार बरे झाले. शिबिरातली चाचणी मी मुद्दाम वर्णन करून सांगते, म्हणजे तिची मर्यादा घरच्यांनाही समजेल. एका लहान काचनळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. थोड्या वेळाने नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या, तर सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे या आजारातले सदोष हिमोग्लोबिन, नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर ते आहे. ते किती आहे, हे मात्र ही नळी सांगू शकत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेला असेल तर मूल ‘वाहक’ असते आणि बहुतेक वाहक आयुष्यभर निरोगी राहतात. दोघांकडून आला असेल, तर मूल ‘रुग्ण’ असते. नळीत दोन्ही सारखेच गढूळ दिसतात. पुतणी खेळती आहे यावरून ती वाहक असण्याची शक्यता मोठी आहे, आणि पुढच्या तपासणीने ते कायमचे स्पष्ट होईल. ‘डाग’ पुसायचा तोच मार्ग आहे.

पुढची तपासणी एचपीएलसी यंत्रावर होते. रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार ते वेगळे करते आणि प्रत्येकाची टक्केवारी देते. मुलीला गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर ते आधी सांगावे, नाहीतर दुसऱ्याच्या रक्ताचा हिशेब तिच्या नावावर लागतो. घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल, तर त्याच्यासाठी नळीची चाचणी भरवशाची नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते. त्यालाही थेट एचपीएलसी तपासणीच हवी.

सिकलसेल हा ‘रेणूचा आजार’, म्हणजे हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होणारा आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. भारतात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत झाली. इतकी जुनी ही ओळख, आणि तरी सातपुड्यातल्या किंवा गडचिरोलीतल्या मुलाला निदानासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागत असे, आणि तिथून अहवाल परत पाड्यापर्यंत येतच नसे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे, आणि बोटातल्या थेंबावर जागच्या जागी वाहक व रुग्ण वेगळे सांगणारे संचही आता आले आहेत. या संचांचे मी मनापासून स्वागत करते. निदान वेळेत झाले, तर रुग्ण मुलाला लहानपणापासून पेनिसिलिन, न्यूमोकॉकसची लस आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध देता येते, आणि त्याचे आयुष्य खरोखर बदलते.

लग्नाबद्दल : वाहक मुलीचे लग्न सिकलसेल किंवा तसा दुसरा रक्तदोष नसलेल्या मुलाशी झाले, तर त्यांच्या मुलांपैकी कोणालाही सिकलसेलचा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा मुलीचा अहवाल लपवण्यापेक्षा मुलाचाही मागावा, आणि मुलीकडच्यांनी तो हक्काने मागावा. थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाचे वाहकही याच तपासणीत कळतात, आणि त्यांचाही सिकलशी संयोग त्रासदायक ठरतो. जाता जाता एक सूचना. पुतणी किंवा घरातले कोणी वाहक निघाले आणि पुढे कधी मधुमेहासाठी तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी चाचणी करावी लागली, तर प्रयोगशाळेला सिकलसेलबद्दल सांगावे, कारण काही पद्धतींत तिचा आकडा त्यामुळे चुकतो.

प्रश्न : माझ्या मुलाला थॅलेसेमियामुळे दर तीन आठवड्यांनी रक्त लागते. काही रक्तपेढ्या ‘नॅट’ तपासलेले रक्त देतात, काही देत नाहीत. फरक कितपत आहे? (एक आई, नाशिक)

उत्तर : ज्याला वर्षातून पंधरा-सतरा वेळा रक्त लागते, त्याच्यासाठी फरक मोठा आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस हा गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी कायद्याने सक्तीची आहे. पण नेहमीच्या पद्धतीत विषाणूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये किंवा विषाणूची प्रथिने शोधतात, आणि संसर्गानंतर ती दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. कावीळ क मध्ये प्रतिद्रव्ये दिसायला साधारण दोन महिने लागू शकतात. नॅट चाचणी विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधते, त्यामुळे हा आंधळा काळ सुमारे आठवड्यावर येतो. तो शून्य होत नाही. म्हणून नॅटइतकाच भरवसा नियमित, स्वेच्छेने रक्त देणाऱ्या दात्यावर ठेवावा. शक्य असेल, तर एकाच रक्तपेढीत मुलाची नोंद ठेवा आणि त्याच्या रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्या, म्हणजे वारंवार रक्त घेणाऱ्यांत दात्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याची अडचण टाळायला मदत होते.

प्रश्न : मी डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका घेऊन एका छोट्या रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. नवे शोध लावतात ते मोठ्या संस्थांतले शास्त्रज्ञ. आम्ही नळी यंत्रात ठेवतो आणि कागद छापतो. आमच्या हातून रुग्णसेवेत काय सुधारणा होणार? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपल्या पत्राने मला अस्वस्थ केले, कारण आपल्यासारखे शेकडो जण असाच विचार करतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत प्रयोगशाळा, श्रवण, किरणोत्सार अशा पन्नासांहून अधिक शाखांतल्या शास्त्रीय कर्मचाऱ्यांना एकत्र ‘हेल्थकेअर सायन्स’ म्हणून ओळखतात आणि इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी मुख्य शास्त्रीय अधिकाऱ्याचे पदही आहे. आपल्याकडेही 2021 च्या कायद्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञांना संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले आहे. पण पदे आणि कायदे बाजूला ठेवून मी आपल्याला डेंगीच्या हंगामातली एक सकाळ सांगते.

यंत्राने एका तरुणाच्या प्लेटलेट 18,000 दाखवल्या. घरचे लोक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी गाव पालथे घालू लागले होते. आमच्या तंत्रज्ञाला खटकले, कारण मुलाच्या अंगावर एकही लाल ठिपका नव्हता आणि आदल्या दिवशीचा आकडा ठीक होता. त्याने काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पट्टीच्या कडेला प्लेटलेटचे झुबकेच्या झुबके होते, द्राक्षाच्या घोसासारखे. यंत्र त्यांना सुट्या प्लेटलेट म्हणून मोजत नव्हते. जांभळ्या नळीतल्या रसायनामुळे हजारात एक-दोन माणसांच्या प्लेटलेट अशा चिकटतात. त्याहून कितीतरी अधिक वेळा रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट न केल्यामुळे तसे होते. त्याने फिक्या निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत रक्त पुन्हा घेतले, द्रावणाने पातळ झाल्याबद्दल आकड्याला 1.1 ने गुणले, आणि उत्तर आले 1,42,000. मुलाला एकही पिशवी लागली नाही. तसेही रक्तस्राव नसताना डेंगीत प्लेटलेट देण्याचा विचार साधारण 10,000 च्या खालीच करतात, पण घाबरलेल्या घराला ते समजावणे कठीण असते. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये नियम झाला : प्लेटलेट 1,00,000 च्या खाली आल्या की काचपट्टी पाहिल्याशिवाय अहवाल छापायचा नाही. त्या नियमाला एक रुपयाही खर्च आला नाही, आणि तो तंत्रज्ञाने सुचवलेला होता.

आपण एक वही घाला. महिनाभर जो नमुना परत करावा लागला त्याची तारीख, वॉर्ड, नळीचा रंग आणि कारण तिच्यात लिहा : रक्त गोठले, पेशी फुटल्या, नळी अर्धी भरली, नाव चुकले. जीवघेणा आकडा कोणाला, किती वाजता कळवला, तेही लिहा. महिन्याच्या शेवटी बेरीज केलीत की बहुधा एकाच वॉर्डातून, एकाच पाळीत अर्धे वाईट नमुने येत असल्याचे दिसेल. ती वही घेऊन त्या वॉर्डातल्या सिस्टरकडे जा, तक्रार म्हणून नव्हे, आणि रक्त घेताना त्यांना नेमकी कुठे अडचण येते ते विचारा. कदाचित त्यांच्याकडे योग्य सुया संपलेल्या असतील. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा आणि दोन्ही महिन्यांचे आकडे या सदराकडे पाठवा. ते छापायला मला आनंद होईल.